ओळ झाली की अटकणारा डब्बा

बाबांचा गळा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आमच्या वस्तीतलं भीमगीतांचं मंडळ ज्यांच्याशिवाय जयंतीला उभंच राहत नसे, ते बाबा आता पाटीवर ‘चहा’ लिहून दाखवायचे. पुढे तेही सोडलं. दिलं तर जेवायचे, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून. माणूस वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले होते, आणि तोच माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगतो, भयंकर राग यायचा.

मी तेव्हा गोंडपिपरीला कॉम्प्युटर शिकवायचो आणि शनिवारी एसटीने चंद्रपूरला घरी यायचो. मोबाइलला अजून बटणं होती तो काळ. मोठ्या हौसेने मी एक नेटवर्क डिस्क आणली. पाठ्यपुस्तकाएवढी काळी पेटी, मधल्या खोलीत कपाटावर ठेवायची. तिच्यातलं गाणं वायरीवरून समोरच्या खोलीतल्या टीव्हीजवळचा एक छोटा डब्बा ओढून घ्यायचा आणि वाजवायचा. त्याच डब्ब्यातून मी आईसाठी स्वयंपाकघरात एक स्पीकर नेला. बाबांच्या मंडळाच्या बुरशी धरलेल्या कॅसेट पुसल्या आणि एकेक करून सगळी गाणी डिस्कमध्ये भरली.

बाबांचा आवाज घरभर घुमला, आणि बाबा उठून अंगणात जाऊन बसले.

आई माझ्यावर उखडली. “त्याईच्या जखमेवर मीठ काऊन चोळून राह्यला रे?”

मीही हट्टाला पेटलो. डब्ब्याचा रिमोट बाबांच्या हातात कोंबला, म्हटलं, “नको असेल तर बंद करा, पण उठून जाऊ नका.” आणि सोमवारची पहिली गाडी पकडली.

गुरुवारी आईचा फोन. “अरे, तुहा डब्बा अटकून राह्यला. तुह्या बाबाची ओळ झाली का गपकन बंद. मंग थोड्या वेळानं आपलाच सुरू.”

झालं! शनिवारी चप्पल न काढताच स्टुलावर चढलो. वायरी बदलल्या, डिस्क बंद करून चालू केली, कोळशाच्या धुळीला शिव्या घातल्या, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाणं लावलं. बाबांची ओळ झाली आणि बंद. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात कणीक मळता मळता आईने आतून ती ओळ उचलली. मंडळात ती मागे बसून कोरस धरायची. बाबांनी म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, वर्षानुवर्षांची सवय. तिची ओळ संपली आणि डब्बा सुरू झाला.

मी वळून समोरच्या खोलीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली होता आणि त्या हातात रिमोट.

“म्हणजे तुम्ही!” मी ओरडलो. “दोन दिवस डोकं खाल्लं माझं या डब्ब्यानं!”

बाबांचे खांदे हलत होते. हसत होते ते, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी स्टुलावरच बसलो आणि रडलो, त्यात लाज कसली.

आई पिठाच्या हातांनी दारात आली. “काऊन वो, मले छळून राह्यले का?”

बाबांनी खुणेने पाटी मागितली. लिहिलं, ‘समोर बस. मांगून नाई.’

“मी कोरसवाली. मले एकटीनं नाई जमत,” ती म्हणाली, पण हात धुऊन येऊन बसली.

बाबांनी गाणं पहिल्यापासून लावलं. पेटी-ढोलकीचा तुकडा झाला. आता त्यांची ओळ. गाणं चालूच ठेवून त्यांनी नुसता आवाज दाबून टाकला आणि बोट आईकडे केलं.

आई घाबरत घाबरत गायली. तिची ओळ संपली तसा बाबांनी आवाज मोकळा केला, आणि अख्खं मंडळ, त्यातली तरुणपणची तीसुद्धा, तिच्यामागून गाऊ लागलं.