समासबाई आणि अनोळखी पाणघोडा

संस्थेत मला सगळे समासबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, तोंडावर ‘मॅडम’. पण आमच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान तिखट.

हे नाव काही मला फुकट मिळालेलं नाही. तरुणपणी मी लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायचे. प्रबंधात काय लिहिलंय याच्याशी माझा संबंध नसायचा, पण मथळा मधोमध आणि दोन्ही बाजूंचे समास सरळ नसतील तर मला जेवण गोड लागायचं नाही. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. ‘लिफ्ट बंद आहे’ हा कागद चिकटवण्याआधी ते मला फोटो पाठवतात. एकदा पाठवायला विसरले, तर मी त्यांचा डबा द्यायच्या निमित्तानं त्या इमारतीत गेले आणि कागद सरळ करून आले. लोक जिना चढून धापा टाकत होते, आणि मी तिथे पट्टी घेऊन उभी!

आमची संस्था गोगलगायींचा अभ्यास करते. शहरातल्या कुंपणांवर, भिंतींवर, गटारांच्या कडेला त्या कशा जगतात याचा. माणसं थोडीच. आमच्या प्रमुखबाई शांत, पण त्यांचं वाक्य एकदा सुरू झालं की संपायचं नाव घेत नाही. दुसरा संशोधक, त्याला सगळे गोगल्या म्हणतात. तो अर्धा दिवस झुडपात असतो. तिसरी आकडेताई, सगळं गणित तिच्याकडे, बोलणं मोजून मापून. आणि मी. अहवालाचे मथळे, तक्ते, संदर्भ, पानांचे क्रमांक माझ्याकडे. सगळे आपापल्या फायली मला पाठवायचे: ‘अंतिम’, मग ‘अंतिम नवीन’, मग ‘आता खरंच अंतिम’. मी कपाळाला हात लावायचे, पण मनातून खूश असायचे. सगळ्या वाटा माझ्याच टेबलाशी येत होत्या ना!

मग ते सॉफ्टवेअर आलं. आता फायली पाठवायच्या नाहीत, सगळ्यांनी एकाच दस्तऐवजात एकाच वेळी लिहायचं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे टाकले की शब्द ठळक, ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की मथळा. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा आणि त्यावर नावाची छोटी झेंडी. माझा जांभळा.

“म्हणजे सगळ्यांनी एकाच ताटात जेवायचं?” मी विचारलं.

“हो,” प्रमुखबाई म्हणाल्या. “फक्त कोणी कोणाचा घास काढून घ्यायचा नाही.”

मी पहिल्याच दिवसापासून सगळ्यांचे घास काढायला लागले. गोगल्याचा हिरवा कर्सर वाक्य लिहीत पुढे निघाला, की माझा जांभळा त्याच्या मागोमाग. त्यानं क्रियापदापर्यंत पोचावं तोवर मी कर्त्याची जागा नीट करून, स्वल्पविराम हलवून, ठळक केलेलं साधं करून टाकलेलं असायचं.

“मॅडम, वाक्य तरी पुरं होऊ द्या!” तो पलीकडच्या खोलीतून ओरडला.

“तुम्ही व्हा पुढे, मी मागून आवरत येते,” मी म्हटलं. पाहुणा जेवतोय आणि यजमानीण त्याच्या ताटाखालची फरशी पुसतेय, असा तो प्रकार होता. पण तेव्हा मला तो सेवाभाव वाटायचा.

हळूहळू दस्तऐवज शांत झाला. कर्सर कमी दिसायला लागले. यायचा तो मजकूर आयता, तयार, एकदम यायचा. मी घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं, “लागली हो शिस्त एकदाची. आता काही आवाज नाही.”

मोजे काढत हे म्हणाले, “लिफ्टचा काहीच आवाज येत नसेल तर मी आधी ती चालू आहे का ते बघतो.”

मी त्यांना मोजे टोपलीत टाकायला सांगितलं.

एका दुपारी प्रमुखबाईंनी एक तक्ता सरळ करायला लिंक पाठवली. घाईत चुकीची पाठवली असणार, कारण उघडलं ते वेगळंच. वर नाव होतं ‘पसारा’. त्याखाली लिहिलं होतं: ‘इथे समासाबाहेर लिहायला परवानगी आहे.’

त्यात मला कोणी घेतलेलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरनं मला पाहुणी ठरवलं आणि स्वतःच्या मनानं एक नाव दिलं: अनोळखी पाणघोडा. माझा बांधा त्याला कुठून दिसला कोण जाणे.

आणि खाली काय ते ध्यान! चार प्रकारचे टंक. अर्धी वाक्यं. गोगलगायीचा आडवा पडलेला फोटो. एका ओळीत सहा प्रश्नचिन्हं. गोगल्यानं लिहिलेलं, त्यावर आकडेताईनं ‘हे मला पटत नाही’ म्हणून केलेला गिरगटा, त्याखाली प्रमुखबाईंचं लांबलचक वाक्य आणि त्याला गोगल्याचं उत्तर, ‘बाई, श्वास घ्या.’ नव्या लेखाचं सगळं काम इथे चाललं होतं. माझ्याकडे यायचं ते आंघोळ घालून, भांग पाडून.

मला फार लागलं. उठले, तोंडावर पाणी मारलं. जाऊन जाब विचारावा म्हणून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, आधी सगळं वाचून तर घेऊ, भांडायला मुद्दे मिळतील.

वाचता वाचता मुद्दे राहिले बाजूला. इतके महिने मी ते तक्ते सरळ करत होते, पण त्यांत आहे काय हे कधी पाहिलंच नव्हतं. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाचं तोंड पातळ पापुद्र्यानं बंद करून झोपून जाते, हे मला त्या दुपारी कळलं. उन्हाळ्यात गोगलगायी भिंतीवर उंच का चढून बसतात, यावर तिघांची जुंपली होती.

तेवढ्यात हिरवा कर्सर उगवला. ‘हा पाणघोडा कोण?’

‘शेजारच्या विभागातलं कोणीतरी,’ आकडेताईनं लिहिलं.

‘पाहुणे, बसा,’ प्रमुखबाई.

मी खिडकी बंद करणार होते. त्याऐवजी बोटांनी लिहिलं, ‘उन्हात भिंतीवर कशाला जायचं? खाली गारवा असतो ना?’

गोगल्या असा खुलला की बस! तापलेल्या जमिनीलगत हवा किती गरम असते, वर चढल्यावर कसा वारा लागतो, हे त्यानं पानभर लिहिलं. त्यात चुका असंख्य होत्या. मी एकीलाही हात लावला नाही. मांडीखाली हात दाबून बसले होते.

मग मी रोज जायला लागले. माझे बरेचसे प्रश्न बावळट होते. ‘भिंत उभी आहे हे गोगलगायीला कळतं का?’ यावर आकडेताईसुद्धा हसली, मला भिंतीतून ऐकू आलं. पण एकदा मी विचारलं, ‘झोपलेली आणि मेलेली, मोजताना वेगळी कशी ओळखली?’ ह्यांना रविवारी दुपारी पाहिलेलं असल्यामुळे मला ते सुचलं. गोगल्यानं लिहिलं की ओळखायची रीत होती, पण लेखात ती लिहायचीच राहिली. प्रमुखबाईंनी पाणघोड्याचे आभार मानले. त्या दिवशी मी संशोधक असल्यासारखी घरी गेले आणि भाजी करपवली.

पण जित्याची खोड! एके दिवशी चर्चा रंगात आली होती आणि एका ओळीत दोन शब्दांमध्ये दुहेरी जागा होती. नुसती माझ्याकडे बघत होती. मी ती काढली. मग पूर्णविरामाआधीची एक. मग म्हटलं, कोणाचं लक्ष आहे, तक्ता तेवढा मधोमध घेऊ.

लिहिणं थांबलं.

‘पाणघोडा पूर्णविरामाआधीची जागा काढतोय,’ गोगल्यानं लिहिलं.

‘पाणघोड्यानं तक्ता मधोमध घेतला,’ आकडेताईनं लिहिलं.

भिंतीपलीकडे हशा पिकला. मग प्रमुखबाई खऱ्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, चहाला येता का?”

मी गेले ती तावातावानं. “लपूनछपून लिहिता होय? माझ्यापासून?”

“आणि तुम्ही लपूनछपून वाचता!” गोगल्याचे कान लाल झाले होते. “गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हेच! इतकी वर्षं गोगलगायी बघतोय, पण इतकी मोठी पहिल्यांदाच.”

मला हसू यायला नको होतं. आलं.

प्रमुखबाईंनी माझ्यापुढे कप सरकवला. “रागावू नका. आम्हाला चुकायला जागा हवी होती. तुमच्यासमोर चुकायची भीती वाटते हो.”

त्यांचं इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या धाकानं माणसं शुद्ध लिहितात, अशी माझी समजूत होती. धाकानं त्यांनी लिहिणंच सोडलं होतं.

“पाणघोड्याला मात्र येऊ दे,” आकडेताई म्हणाली. “त्याचे प्रश्न बरे असतात.”

असं ठरलं की मी स्वतःच्या नावानं पसाऱ्यात यायचं, प्रश्न विचारायचे, आणि झाडलोट शेवटी, ते सांगतील तेव्हा. मी शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी एक मथळा हळूच ठळक केला. आकडेताईनं माझे बदल करण्याचे हक्क काढून घेतले आणि फक्त कडेला शेरे लिहिण्याचे ठेवले. म्हणजे मला जागा मिळाली ती समासातच.

लेख एका नियतकालिकानं परत पाठवला, दुसऱ्यानं घेतला. शेवटच्या आठवड्यात हक्क परत मिळाले आणि मी मनसोक्त आवरलं. अशी सुरेख मांडणी मी जन्मात केली नव्हती. छापून आला तेव्हा त्यांनी माझे सगळे मथळे, सगळ्या कडा काढून टाकून मजकूर दोन बारीक रकान्यांत कोंबला होता. संध्याकाळी ह्यांनी लेख मोबाइलवर उघडला, आभाराच्या ओळीत माझं नाव शोधून काढलं आणि त्याचा फोटो त्यांच्या सगळ्या लिफ्टवाल्यांना पाठवला. एकानं विचारलं, वहिनी गोगलगायी पाळतात का?

आता पुढचं काम गांडुळांवर आहे. या वेळी मला पहिल्या दिवसापासून घेतलंय. सोमवारी सगळ्यांबरोबर मातीत उतरायचं आहे, गुडघ्यापर्यंतचे बूटही आणलेत. मला गांडुळांची भयंकर किळस येते, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.