कच्च्या केळ्यांची फणी

सहलीची जाहिरात फोनवर आली आणि मी पहिल्याच ओळीला अडकले. 'भीमेच्या त्रिभुज प्रदेशात एक दिवस. पक्षी, पाणी आणि गावाकडचं जेवण.' मी शाळेत भूगोल शिकवते. भीमेला त्रिभुज प्रदेश नाही. ती समुद्रापर्यंत जातच नाही, वाटेत कृष्णेला मिळते आणि तिथंच तिचं नाव संपतं. ज्या मध्यस्थबाईंनी ती जाहिरात पाठवली होती त्यांना मी हे लगेच कळवलं. त्यांनी फोन करून विचारलं, "तुम्हाला नदी बघायचीय का वडिलांचं जमवायचंय?"

वडिलांचं जमवायचं होतं. अप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे सोलापूरला राहायला आले. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत अप्पा टीव्हीशी बोलत बसायचे. बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं द्यायचे आणि ती ऐकत नाही म्हणून चिडायचे. एक दिवस जेवताना, ताटात बघतच ते म्हणाले, "माज्यासाठी कुनीतरी बघ की गं. दिवस जात न्हाय." मी भाकरी वाढली आणि बघते म्हणाले.

त्याआधी दोन ठिकाणी पाहणं होऊन गेलं होतं. पहिल्या बाई म्हणाल्या, माणूस चांगला आहे पण फार मोठ्यानं बोलतो. दुसऱ्यांनी कारण दिलं नाही, बहुतेक तेच असावं. उभा जन्म यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात गेला, त्यामुळे अप्पांनी मीठ मागितलं तरी ते मागच्या गल्लीला कळतं. दुसऱ्या नकारानंतर ते म्हणाले, ही आता शेवटची, यापुढं मला कुठं नेऊ नको. ही शेवटची म्हणजे मोडनिंबच्या बाई. त्यांची अट एकच होती, घरी यायचं नाही. सत्तरीचा पाहुणा दारात उतरलेला दिसला की गावात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ही सहल. सगळे अनोळखी, त्यात दोन अनोळखी आणखी.

जानेवारी संपत आला होता. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मिशीला कलप लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी लावला.

मोडनिंबला गाडी हमरस्त्यावरच थांबली आणि बाई मुलाबरोबर चढल्या. काठापदराची साडी, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, ताठ कणा, मोकळं कपाळ. मुलाचं गावात खताचं दुकान होतं. त्यानं आईला खिडकीशी बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी येऊन बसला. पुढे टेंभुर्णी येईपर्यंत आम्ही दोघांनी वडीलधाऱ्यांचं काम केलं. एरवी असले प्रश्न मुलीचा बाप मुलाच्या बापाला विचारतो, ते तो मला विचारत होता.

"बीपी, शुगर?"

"बीपीची गोळी आहे. शुगर नाही."

"तंबाखू?"

"सुपारी फक्त."

मग मी विचारलं, "तुमच्या आई भांडतात का?"

"व्हय," तो खाली मान घालून म्हणाला.

मला बरं वाटलं. अप्पांना उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं. एवढ्यात तो म्हणाला, "आन् ताई, तुमचं लगीन?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर ऊस होता.

टेंभुर्णीहून गाडी जेऊरच्या अंगाला वळली तशा उसाच्या जोडीला केळीच्या बागा लागल्या, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. आमचा गाइड तिकडचाच, भीमेवरच्या धरणाच्या काठावरच्या गावचा. पन्नाशीचा गडी, डोक्यावर हॅट, हातात माइक आणि तोंडात पाठ केलेले विनोद. पाण्याशी पोचल्यावर त्यानं हात पसरून सांगितलं, "मंडळी, हा आमचा त्रिभुज प्रदेश!" मला मध्यस्थबाईंचा प्रश्न आठवला. धरणाचं पाणी उतरायला लागलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळातून नदी फाटे फोडत चालली होती. मधे मातीची बेटं, बेटांवर बगळे. काठाच्या ओल्या गाळात लोकांनी पेरूनही टाकलं होतं. ती जमीन पावसाळ्यात परत पाण्याखाली जाणार, हे त्यांना ठाऊक असतं. त्रिभुज प्रदेश नव्हेच तो, पण लांबून तसा दिसत होता खरा.

नाव मासेमारीची होती, प्रत्येक फळीवर दोन माणसं. "जोडीजोडीनं बसा, नायतर नाव कलती," गाइड म्हणाला आणि त्यानं आमच्याकडं बघून फर्मावलं, "आजोबा, तुमी आन् आजी पुढच्या फळीवर." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मुलानं आईकडं बघितलं. बाई मात्र पदर खोचून सरळ पुढे जाऊन बसल्या. मग अप्पाही गेले. मी आणि मुलगा मागच्या फळीवर बसलो. पुढे बसलेली ती जोडी नव्हे, हे गाइडला सांगायला आमच्यापैकी कुणीच तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दिवसभर तो त्यांना जोडीच समजून चालला. एका बेटावर तांबूस बदकं होती. गाइड म्हणाला, "हे चक्रवाक. कायम जोडीनं राहत्यात. आपल्या आजी-आजोबांसारखं." नावेतली मंडळी कौतुकानं हसली. अप्पांचे कान मागून लाल झालेले मला दिसले. त्या बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, लांब उथळ पाण्यात होते. इंजिन बंद करून गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. आमच्या नावेतला एक गृहस्थ हातभर लांब कॅमेरा सरसावून केव्हाचा दबा धरून बसला होता. वल्ह्यांनी नाव हळूहळू पुढे सरकली. अप्पांनी बाईंच्या कानाशी झुकून, त्यांच्या समजुतीनं अगदी हळू, म्हटलं, "लई हाईत की!"

सगळा थवा उठला. पाण्यावर पंखांचा नुसता फडफडाट झाला आणि बघता बघता पक्षी पलीकडच्या काठाला गेले. कॅमेरेवाला काहीतरी बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाइड हॅट काढून डोकं खाजवत राहिला. अप्पा आक्रसून बसले. मी मनात म्हटलं, झालं, संपलं हेही.

"बरं झालं उडालं," बाई कॅमेरेवाल्याकडं वळून म्हणाल्या. "बसल्यालं तर नुसतं पांढरं दिसत हुतं. उडाल्यावर कुटं लाल दिसलं. तेवढ्यासाठीच आलो न्हवं?"

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली ठेवला. अप्पांचा पाठीचा कणा हळूहळू सरळ झाला. परत काठाला लागेपर्यंत ते दोघं काहीतरी बोलत होते, म्हणजे अप्पा काय बोलत होते ते सगळ्यांनाच ऐकू येत होतं. कुर्डुवाडीला पूर्वी छोटी गाडी कशी यायची, ते सांगत होते. बाई मधूनच म्हणायच्या, "आसं न्हवतं ते," आणि अप्पा वाद घालायचे. किती दिवसांनी ते असे खूश दिसत होते. मीही खूश होते, आणि मला भीतीही वाटत होती. हे जमलं तर अप्पा मोडनिंबला जाणार, हे आधीच ठरलं होतं. शाळेतून परत आल्यावर कुलूप मलाच उघडावं लागणार होतं.

जेवण एका केळीच्या बागेत होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, खाणाऱ्यांना माशाचं कालवण. बायकांची पंगत एका बाजूला, पुरुषांची समोर. जेवणं उरकत आली तशी शेताची मालकीण हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. संक्रांतीचे दिवस होते आणि सहलीच्या कार्यक्रमात हेही धरलेलं होतं. प्रत्येकीला हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून हिरव्या केळ्यांची एकेक फणी. मला पन्नाशीत कुमारिका म्हणून लावलं. माझ्यानंतर बाई होत्या.

"आजी, आजोबा तर समोर बसल्यात, मग कपाळ मोकळं का वं?" असं हसत म्हणून तिनं कुंकवाची चिमूट उचलली.

"ते माजं मालक न्हाईत," बाई म्हणाल्या. "माजं मालक वारलं."

मालकिणीचा हात तिथंच थांबला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती गडबडली आणि सवयीनं हात पुढच्या बाईकडं वळला. बाई शांतपणे ताटातल्या उरल्या भाकरीकडं बघत होत्या. आणि तेवढ्यात समोरून अप्पांचा आवाज आला.

"लावा की त्यास्नी! काय बिगडतंय?"

बागेपलीकडचा गडीसुद्धा काम थांबवून बघायला लागला. बाईंनी मान वर केली.

"तुमी कोन सांगनारं? कपाळ माजं हाय. लावायचं का न्हाय ते मी बगीन."

मग त्यांनी मालकिणीच्या हातातलं ताट स्वतःकडं ओढलं, बोट कुंकवात बुडवलं आणि आपल्या हातानं कपाळावर लावलं. आरसा नव्हता, ते जरा डावीकडं लागलं. बोट पदराला पुसून त्या म्हणाल्या, "माजं वाण?" मालकिणीनं घाईघाईनं फणी त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, का ते मला कळलं नाही. अप्पा घास हातात घेऊन तसेच बसले होते.

परतीच्या वाटेवर गाइडला सगळा उलगडा झाला होता. त्यानं माइक बंद ठेवला आणि अदबीनं दोघांना वेगवेगळ्या टोकांना बसवलं. अप्पा माझ्याशेजारी आले. मुलगा आईच्या मागच्या सीटवर बसून फोन बघत होता, माझ्याकडं बघणं टाळत होता. केळीच्या बागा गेल्या, टेंभुर्णी गेली. अप्पा काहीतरी बोलले ते मला ऐकूच आलं नाही. त्यांचं बोलणं ऐकायला मान वाकवायची वेळ माझ्यावर जन्मात आली नव्हती.

"बिगडलं का गं?" ते म्हणत होते.

"माहीत नाही, अप्पा."

"मी चांगल्यासाठी बोललो."

"माहितीय."

मला त्यांचा फार कळवळा आला. बाईंचंही काही चुकलं नव्हतं, ते सुद्धा मला पटत होतं. दिवसभर मी दुसऱ्याच कुणाचं तरी स्थळ बघायला आल्यासारखी वागले होते, पण आता मनापासून वाटत होतं की काहीही करून हे जुळावं. माझ्या कुलपाचं मी बघून घेईन.

मोडनिंब आलं तेव्हा उन्हं उतरली होती. मुलगा पिशवी घेऊन आधी खाली उतरला. बाई उठल्या, पण दाराकडं न जाता मागं आमच्याकडं आल्या आणि वाणाची फणी त्यांनी अप्पांच्या मांडीवर ठेवली.

"कच्ची हाईत. ऐतवारपतुर पिकतील. घिऊन या घरी."

"घरी?" अप्पा म्हणाले. "आन् गावातली मान्सं?"

"बगू द्या की. दुपारच्यालाच या, समद्यांना दिसंल." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुंकू अजून डावीकडंच होतं. "आन् पोरीला आनू नका. तुमचं तुमाला बोलाया येतंय, लांबपतुर ऐकू जातंय."

गाडीतली सगळी माणसं हसली. मीही हसले. त्या स्पोर्ट्स शूज घातलेल्या पायांनी टपटप उतरून गेल्या आणि अप्पा सोलापूर येईपर्यंत फणी मांडीवर धरून बसले.

तो आठवडा केळ्यांचा झाला. अप्पांनी ती आधी ज्वारीच्या डब्यात पुरली. मग आधीच पिकतील म्हणून बाहेर काढली. मग पिकतच नाहीत म्हणून परत पुरली. रोज सकाळी दाबून बघायचे आणि मला शाळेला उशीर होत असताना विचारायचे, "तुला काय वाटतंय?" मला काही वाटत नव्हतं. शनिवारी ती पिवळी झाली. एकावर काळा ठिपका आला होता, ते अप्पांनी मला खायला दिलं.

रविवारी त्यांनी फणी वर्तमानपत्रात गुंडाळली. मिशीला कलप लावला नव्हता. स्टँडपर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाले. पोचल्यावर फोन करा म्हटलं तर "करतो, करतो" म्हणाले आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं रिक्षावाल्याशी चाललेलं बोलणं मला ऐकू येत राहिलं. मग तेही थांबलं.

मी दार लावून घेतलं. धुण्याचं बघितलं, वह्या काढल्या, एकही तपासली नाही. घर इतकं शांत मला ठाऊकच नव्हतं. शेवटी टीव्ही लावला. बातम्या देणारी बाई म्हणाली, उद्या सोलापूर जिल्ह्यात हवामान कोरडं राहील.

"राहू दे की," मी तिला मोठ्यानं म्हणाले.