कांदेनवमी आणि केतकीचे पाच कांदे

बारावीच्या बायोलॉजीत मी दोनदा नापास झालोय. एकदा माझ्या बारावीत, आणि एकदा लेकीच्या.

केतकी बारावी सायन्सला गेल्यापासून डोंबिवलीतल्या आमच्या घरात निवांतपणा म्हणून उरलेला नाही. साधं शिंकलं तरी नाकातल्या पेशींवर व्याख्यान ऐकावं लागतं. (मी हल्ली जिन्यात जाऊन शिंकतो.) त्यात एक दिवस गॅलरीत पाच ग्लास आले. प्रत्येकात पाणी आणि तोंडावर एकेक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं.

"बाबा, यांना मुळं फुटणार. मुळाच्या टोकाशी सेल डिव्हाइड होताना मायक्रोस्कोपमध्ये दिसतात. सोमवारी माझं प्रॅक्टिकल आहे. मागचं तापात बुडालं, हेही बुडालं तर मॅडम जर्नलवर सही करणार नाहीत. तुम्ही फक्त रोज पाणी बदला."

मी घरून काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते काहीच करत नाही. पाच दिवस मी इमानेइतबारे पाणी बदललं. पांढरीशुभ्र मुळं फुटली. खरं सांगतो, मला त्यांचा लळाच लागला होता.

रविवारी कांदेनवमी होती. माझी आई चातुर्मासात चार महिने कांद्याला शिवत नाही, म्हणून त्याआधीच्या या नवमीला घरातला शेवटचा कांदा संपवायचा हा तिचा नेम. केतकी क्लासला गेलेली. मी ग्लास धुवायला घेतले, कांदे ओट्यावर चाळणीत ठेवले, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. अर्ध्या तासाने परत आलो तर ओट्यावर भज्यांचं ताट!

"घे, गरम आहेत तोवर," आई म्हणाली.

मी घेतली. अकरा घेतली. वर "आज भजी फक्कड झालीत हं" असंही म्हणालो.

केतकी आली, गॅलरीत गेली आणि तशीच स्वयंपाकघरात आली.

"बाबा, माझे कांदे?"

बारावं भजं माझ्या तोंडात होतं.

"अरे, तूच ना चाळणीत आणून ठेवलेस?" आई मला म्हणाली. "मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा आपणहून मदत केलीस."

"आणि आजी, मुळं?"

"छाटली. घंटागाडीत गेली."

केतकी रडली नाही, नुसती खुर्चीत बसून राहिली. रडली असती तर परवडलं असतं.

मी पिशवी घेऊन निघालो. आधी सोसायटीतली दारं वाजवली, कुणाकडे तरी जुना, मुळं आलेला कांदा असेल म्हणून. पण नवमी सगळ्यांकडेच! एकाही घरात कांदा शिल्लक नव्हता. भजी मात्र प्रत्येक दारात मिळाली.

मग बाजारात गेलो. "दादा, मुळं फुटलेले कांदे आहेत?"

"साहेब, आपल्याकडे तसला माल नसतो."

"अहो, मला तसलाच पाहिजे."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "पालिकेतून आलात का?"

आणखी तिघांनी मला असंच पिटाळलं. शेवटी लोकलने विठ्ठलवाडीपर्यंत गेलो आणि तिथे स्टेशनाबाहेर एका मावशींना मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी हातगाडीखालून ओलं पोतं ओढलं आणि मुळांसकट सात कांदे माझ्या पिशवीत टाकले.

"न्या, फेकणारच होते. आमचा पोरगा तर नुसत्या पुस्तकांवर बारावी झाला."

घरी येऊन कांदे पाण्यावर ठेवले. रविवारचा उरलेला सगळा वेळ मी गॅलरीत खुर्ची टाकून राखण करत बसलो. सोमवारी केतकी ते डब्यातून घेऊन गेली आणि संध्याकाळी सही झालेलं जर्नल घेऊन आली. माझा जीव भांड्यात पडला.

आता परीक्षेच्या सरावासाठी गॅलरीत पुन्हा पाच कांदे बसलेत. त्यांचं पाणी बदलते माझी आई. तीच, चातुर्मासात कांद्याला न शिवणारी! चिमट्याने कांदा उचलते, नाक मुरडते, पाणी बदलते.

"अगं, मी आहे ना घरी," मी केतकीला म्हटलं.

"आजीच बरी, बाबा. चार महिने या घरात कांद्यांना धोका आहे तो फक्त तुमच्यापासून."

पण त्या दिवशीची भजी खरंच फार चांगली झाली होती.