आरशातला डाग

माझी आत्या एकतीस वर्षं जुन्या चित्रपटांची रिळं दुरुस्त करायची. संग्रहालयाच्या तळघरातली खोली, पांढरे सुती हातमोजे, टेबलावर भिंग. स्वभाव फटकळ. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "अंधारात बसायला मला सोबत लागत नाही."

एक कृष्णधवल भयपट तिला जीव की प्राण होता. त्यात ना रक्त, ना भूत. एक बाई आरशासमोर केस विंचरते आणि मागे, दाराच्या काळोखात, काहीतरी फिकट हलतं. बस्स. नवरा म्हणतो, तुला भास होतात. मी दहा वर्षांची असताना आत्याने तो मला दाखवला. आठवडाभर मी आरशात बघितलं नाही, आणि आठवडा सरताच पुन्हा दाखव म्हणून तिचं डोकं खाल्लं.

यंदा संग्रहालयाच्या नव्या साहेबांनी तो संगणकावर स्वच्छ करून घेतला. एकेक चित्र थांबवून त्यावरचे डाग पुसले. त्यात दारातला तो फिकट चेहराही डाग समजून पुसून टाकला! आता ती बाई रिकाम्या दाराकडे बघून किंचाळते. एवढ्यावर भागलं नाही. मूळ रीळ जागा अडवतं म्हणून ते मोडीत काढायचा कागदही तयार झाला.

त्या दुपारी मी डबा द्यायला गेले, तेव्हा आत्याने साहेबांना धारेवर धरलं होतं.

"थांबवून बघितलंत तर डागच दिसणार, साहेब. चालवून बघा. चालवल्यावर त्याचा चेहरा होतो."

"बाई, डाग तो डागच."

"आधी बसा!"

साहेब बसले. तिने रीळ लावलं, दिवा घालवला. पडद्यावरची बाई केस विंचरू लागली. दारात ते फिकट काहीतरी हललं, आणि साहेबांनी झटकन मान वळवून स्वतःच्या मागे बघितलं. मागे मी होते, डबा घेऊन. ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

आत्याने दिवा लावला. "बघितलंत ना?"

कपाळ पुसत साहेब म्हणाले, "डागच आहे." आणि तिच्याच टेबलावर कागद ठेवून सही ठोकली.

"घाबरलात ते कबूल करा आणि रीळ राहू द्या!" आत्या ओरडली. साहेब तोवर जिन्यात पोचले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला काही दिसलंच नसतं, तर एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण त्याला दिसलं होतं. दिसलं, म्हणूनच त्याने सही केली.