विंगेतून आलेलं वाक्य

मुलांनो, शाळेच्या नाटकासाठी मिशी चिकटवलेल्या आपल्या कबीरचा फोटो पाहिला आणि मिशीच्या डिंकाचा तो उग्र वास थेट नाकात शिरला. नव्वदच्या दशकातली बहारीनमधली शुक्रवारची दुपार आठवली. तिथल्या जुफैर भागातल्या एका हॉलमध्ये आम्ही एक जुनं फ्रेंच प्रहसन मराठीत करत होतो. त्यात प्रियकर गवयाचं सोंग घेऊन मुलीच्या घरात शिरतो आणि मोलकरीण हट्टी बापाला फसवून दोघांचं लग्न लावते. मोलकरीण मी होते. माझी लेक, तुमची सुजाताआत्या, विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत होती.

गवई झालेला ॲलन वसईचा, हॉस्पिटलात टेक्निशियन. त्याला आणि सुजाताला लग्न करायचं होतं. समतेवर भाषणं देणारे तुमचे आजोबा आणि मी, तो ख्रिस्ती म्हणून नाही म्हणालो होतो.

शेवटच्या अंकात मी वाक्य विसरले. बाप झालेले कांबळेभाऊ तिथल्या अरबी सवयीने पुटपुटले, "यल्ला ताई, बोला की!" पहिली रांग हसली. तेवढ्यात विंगेतून सुजाताचा शांत आवाज आला, "मालक, एकदा तिला तरी विचारा."

मी तेच ठणकावून म्हटलं. खूप टाळ्या पडल्या.

परतताना ती गाडीत माझ्या शेजारी होती. तेव्हा तिला विचारता आलं असतं. मी म्हणाले, "जरा मोठ्याने सांगायचं होतंस."

"हो, मम्मी," ती म्हणाली.

ॲलन पुढे कॅनडाला गेला. सुजाताने लग्न केलं नाही. तिने पुन्हा आमच्याकडे काहीच मागितलं नाही आणि त्याला मी कितीतरी वर्षं तिचा समजूतदारपणा म्हणत राहिले.