पाणी भरायचा सीन

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसतात आणि मोबाइलवर कुंग फूचा एकच जुना सिनेमा बघतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मारामारी आली की ते सिनेमा पुढं पळवतात. त्यांना आवडतो तो भाग, ज्यात म्हातारा गुरू शिष्याला वर्षभर नुसतं पाणी भरायला लावतो.

"ह्यात रोज काय बघायचं, मामा?" मी एकदा विचारलं.

"घाई न्हाई त्याला. पाय कसा ठेवतोय बगा की."

आम्ही दोघं प्रेस शॉपला, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच आमचा प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. एक बटण टेप लावून दाबून ठेवलं की माल भराभर निघतो. सगळेच तसं करायचे, मीही. एकदा सुपरवायझरनं मामांच्या मशीनलाही टेप लावला. मामांनी तो सोलला, नीट घडी करून त्याच्या हातात दिला.

"साहेब, लई वर्सं लावून शिकलोय. आता इसरायला नका लावू."

टार्गेटवरून त्यांना अजून बोलणी बसतात. ते मान हलवतात आणि दोन्ही बटणं दाबत राहतात.

सिनेमाच्या शेवटी शिष्य गुरूला हात जोडतो, तेव्हा मामाही बसमध्ये हात जोडतात. इतकी वर्षं प्रेसवर काढूनही त्यांची दहाही बोटं एकमेकांना बरोबर टेकतात. मी हात जोडले की एक बोट एकटंच उभं राहतं.