शिकाऊ उमेदवार, पत्रा विभाग

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी रे रोडच्या वर्कशॉपच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले, आणि तेव्हापासून नुसता गोंधळ! आमच्याकडे किस्से पत्र्याच्या कातरणासारखे साचतात. रोज झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग.

आम्ही एसीचे डक्ट बनवतो. म्हणजे मॉलमध्ये, हॉस्पिटलात छताच्या वरून गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. युनियनने मालकाला शिकाऊ उमेदवार घ्यायला लावले, त्यात सातवी पास मी. तीन महिने बघणार, जमलं तर पुढे ठेवणार. नाहीतर घरी बसून पुन्हा लोकांच्या साड्यांना फॉल! नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. मुलगी यंदा पहिलीत गेलीय. त्यामुळे ही नोकरी टिकायलाच हवी.

* * *

पहिल्याच आठवड्यात राणे मिस्त्री म्हणाले, "एक छोटा डक्ट कर. चौकोनी."

आजवर पत्र्याची वस्तू म्हणजे डबा, एवढंच मला माहीत. मन लावून केला आणि खाली छान बूड लावलं!

मिस्त्रींनी आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हवा आत गेली. आता काय तिथंच राहायला आलीय?"

शेजारचा इरफान ओरडला, "मिस्त्री, ढक्कन भी लगवा दो, चकली रखेंगे!"

* * *

मशीनवर अंगावर लोंबणारं काही चालत नाही. मंगळसूत्र काढून खिळ्याला टांगायचं. मला कसंतरीच झालं. मिस्त्रींनी भिंतीवरची खिळ्यांची रांग दाखवली. कुणाची चेन, कुणाचा ताईत, कुणाची अंगठी.

"बघ बाई, इथं सगळ्यांचे संसार खिळ्यावरच असतात."

एका संध्याकाळी ते तिथंच विसरून मी घरी. सासूबाई दारातच, "गो, गळो मोकळो कित्याक?"

मी घाबरून म्हटलं, "कामावर टांगलंय."

जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "तुमचा दोघांचा बरा आसा मां?"

* * *

एकदा युनियनने अर्धा तास काम बंद केलं. सगळे गेटवर. शिकाऊ उमेदवार म्हणजे कामगार की विद्यार्थी, हे मला आजही नीट कळलेलं नाही. काम थांबवावं तर साहेब काढणार, न थांबवावं तर युनियन रागावणार! मग मी सरळ सुपरवायझरकडे गेले.

"सर, काम बंद करू का?"

ते इतके गडबडले की म्हणाले, "हो... पण लवकर ये."

गेटवर युनियनच्या शिंदेभाऊंनी कपाळाला हात लावला. "अगं, संपाला रजा मागणारी पहिलीच बघतोय मी!"

* * *

तीन महिने भरले आणि परीक्षा आली. कोपऱ्यात वळणारा डक्ट करायचा होता. तो झाला की मिस्त्री अंधाऱ्या खोलीत नेऊन आत टॉर्च लावतात. जोडातून उजेड फुटला, म्हणजे हवा पण फुटणार.

माझा डक्ट आत गेला. दार लागलं. मी बाहेर, ऑपरेशन चालू असल्यासारखी.

सुपरवायझर बाहेर आले. "सर, पास?"

"मिस्त्रींना विचार."

मिस्त्री तडक चहाला गेले. शिंदेभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "मिस्त्री काय म्हणाले?"

आता रडू येणार, तेवढ्यात मिस्त्री आले. "तुझ्या चाळीत काम शोधणाऱ्या बायका आहेत का गं?"

"आहेत ना. पण मिस्त्री, मी पास की नापास?"

"दोन जागा आहेत. सातवी पास असली तरी चालेल, पण हात तुझ्यासारखा पाहिजे. सांगून ठेव."

"दोन म्हणजे... माझी धरून?"

मिस्त्रींनी टॉर्च पेटवली आणि माझ्या कानाशी धरली. "इरफान, दुसऱ्या कानातून उजेड येतोय का बघ रे!"

तर माझी सोडून दोन जागा आहेत, परळ-लालबागकडे काम शोधणारी कुणी असेल तर सांगा. भायखळ्याहून चालतसुद्धा येता येतं.